खजिना कोणाच्या सहीचा?

तुम्ही धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेल्या मोटारीत बसला आहात. तारीख 14 एप्रिल 1944. चैत्रातले खानदेशी ऊन, पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. मोटारीत सरकारी खजिना आहे, साडेपाच लाखांच्या आसपास रोकड. चिमठाणे मागे पडते, साळवे अजून यायचे आहे आणि मधल्याच टापूत मोटार अडवली जाते. अडवणारे साताऱ्याच्या प्रतिसरकारातून आलेले आहेत: नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या जोडीला खानदेशातले भूमिगत कार्यकर्ते. बघता बघता सरकारचा पैसा सरकारचा राहत नाही.

तुम्हाला यात काही करता येणार नाही. पाहायचे, कागद दिसला तर वाचायचा, एवढीच मुभा आहे. या लुटीची शौर्यकथा तुम्ही ऐकली असेल. आज तुम्ही वेगळ्या चौकशीला आला आहात. लुटणाऱ्यांना हा पैसा न्यायचा अधिकार नव्हता, हे कोणताही फौजदार सांगेल. पण ज्या सरकारच्या पेटीत तो होता, त्या सरकारला तरी तो खर्चायची मंजुरी कोणी दिली होती?

ती शोधायला मुंबईला जावे लागते, साडेचार वर्षे मागे. नोव्हेंबर 1939. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले म्हणून बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आहे आणि गव्हर्नर रॉजर लम्ली यांनी 1935 च्या कायद्यातल्या 93व्या कलमाखाली सगळा कारभार स्वतःकडे घेतला आहे. तुम्ही रीगलजवळच्या कौन्सिल हॉलसमोर उभे आहात. विधिमंडळाची बाके रिकामी. (याच इमारतीत पुढे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय येणार आहे. योगायोग म्हणा.) कालपर्यंत खात्याखात्याची मागणी सभागृहापुढे यायची, आमदार कपात सुचवायचे, भांडायचे, मग पैसा निघायचा. आता खर्चाच्या तक्त्यावर एका माणसाची सही पुरते. 93व्या कलमाला तीन वर्षांची कमाल मर्यादा होती, नाही असे नाही. पण ती सैल करायची किल्ली लंडनच्या पार्लमेंटकडे होती, आणि लंडनने ती सैल केली. व्हाइसरॉयच्या वटहुकमांना सहा महिन्यांची मुदत असायची. तीही 1940 मध्ये लंडननेच युद्धकाळापुरती उठवली. 1946 मध्ये खेर परत येईपर्यंत मुंबई प्रांताचा एकही अर्थसंकल्प लोकांनी निवडून दिलेल्या माणसापुढे गेला नाही.

म्हणून चिमठाण्याजवळ अडवलेली ती पेटी मला नेहमीच कायद्याच्या दृष्टीने विचित्र वाटत आली आहे. दोन्ही बाजूंना मंजुरी नाही. एका बाजूकडे पिस्तुले आहेत, दुसऱ्या बाजूकडे वटहुकूम.

त्या वटहुकमांचा दुसरा टोकाचा वापर पाहायचा तर नंदुरबार गावातच उतरा. 9 सप्टेंबर 1942, माणिक चौक. मुलांची प्रभातफेरी, हातात तिरंगा, समोर पोलीस. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा आहे. त्याच्यासह पाच मुले गोळीबारात जातात: लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. तुम्ही पाहिलेत. याहून जास्त लिहायला नको.

त्याच वर्षीचा सामूहिक दंडाचा वटहुकूम वाचा, विसावा. गावात तारा तुटल्या, रूळ उखडले, चावडी जळली तर दंड अख्ख्या गावावर. कोणाला वगळायचे ते सरकार ठरवणार, कोणाच्या माथी किती तेही सरकारच. हा करच होता, फक्त कोणत्याही सभागृहात न मांडलेला. आणि जेव्हा कोणी मर्यादा दाखवली तेव्हा काय झाले? एप्रिल 1943 मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने सांगितले की कायदेमंडळाने भारत संरक्षण कायद्यात जेवढी ताकद दिली, त्याहून जास्त ताकद सरकारने नियम 26 लिहून स्वतःकडे घेतली आहे. स्थानबद्धतेचा तो नियमच बेकायदा. सरकारने लगोलग नवा वटहुकूम काढून कायद्याची भाषाच मागील तारखेपासून बदलून घेतली.

पुढे चला. तीस वर्षे एका पावलात.

1973 चा उन्हाळा, धुळे जिल्हा, कारण नंदुरबार जिल्हा व्हायला अजून 1 जुलै 1998 यायचा आहे. तुम्ही शहाद्याच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगेशी उभे आहात. रेशनला परदेशी मिलो, मुलांना सुकडी. दुष्काळी काम निघते ते कलेक्टर कचेरीने काढले तर. काम बंद होते तेही वरून सांगितले तर. हजेरीपटावर नाव असणे ही मेहेरबानी आहे, हक्क नाही. देशात डिसेंबर 1971 पासून, बांगलादेश युद्धाच्या निमित्ताने, बाह्य आणीबाणी चालू आहे. युद्ध कधीच संपले, ती संपलेली नाही. खडी फोडणाऱ्या बाईला तुम्ही हे सांगायला जाऊ नका. तिला विचाराल तर ती एकच गोष्ट विचारेल, पुढच्या सोमवारी काम आहे का?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहावे, असे एका माणसाच्या मनात बरेच आधी आले होते. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. 1965 मध्ये तासगाव भागात छोटा प्रयोग झाला, 1972 मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि दुष्काळाच्या कामांनी ती गिळली. इकडे शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली होती. आदिवासी शेतमजूर सालदारीविरुद्ध, गेलेल्या जमिनींसाठी आणि कामासाठी मोर्चे काढत होते. वरून पागे आणि खालून शहादा, दोघांची मागणी शेवटी एकच: संकटात सरकारने काय करायचे हे सरकारच्या मर्जीवर ठेवू नका.

आता मधला थांबा, आणि इथे जरा रेंगाळा. 1976. नंदुरबारची तहसील कचेरी. पगाराचा दिवस आहे, आणि एका कारकुनाच्या खांद्यावरून तुम्ही त्याचे पगारपत्रक पाहता. दोन कपाती. पहिली व्यवसाय कर, 1 एप्रिल 1975 पासून लागू. राज्य विधिमंडळाने रीतसर कायदा करून बसवलेला, आणि कशासाठी ते सांगून: रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने द्यायचे, खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे. दुसरी कपात सक्तीची ठेव. जुलै 1974 मध्ये केंद्राने वटहुकमाने आणलेली, नंतर कायद्यात बसवलेली: वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा वाटा हातात मिळणार नाही, सरकारकडे जमा राहील, पुढे हप्त्यांनी परत. कारकून दोन्हींवर सारख्याच शिव्या घालतो, पण हलक्या आवाजात, कारण दिवस तसे आहेत. शहाद्याचे कार्यकर्ते तुरुंगात आहेत. त्याच्या बाजूने पाहिले तर पैसा गेला तो गेलाच. तुम्ही मात्र दोन्ही रकान्यांकडे नीट पाहा. एक पैसा कुठे जाणार ते सभागृहात बोलले गेले आहे. दुसरा कायदा होण्याआधीच कापला जाऊ लागला होता.

ही दुसरी आणीबाणी, अंतर्गत, कशी आली ते पाहायला दिल्लीत एका रात्रीपुरते जा. 25 जून 1975. पंतप्रधानांचे राष्ट्रपतींना पत्र. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नाही. केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतल्या बाराव्या नियमाने पंतप्रधानांना नेहमीची पद्धत बाजूला ठेवता येते, तोच वापरला आहे. मंत्र्यांना कळते ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या बैठकीत. हा 12 नंबर लक्षात ठेवा.

मार्च 1977 मध्ये उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली आणि नंदुरबारने मात्र काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक लोकसभेत पाठवले. मुंबई-पुण्याच्या लेखकांना याचे नेहमी नवल वाटते. मला फारसे वाटत नाही. ज्या टापूत कलेक्टरची मर्जी हाच बाराही महिने कायदा होता, तिथे दिल्लीतली आणीबाणी नेहमीच्या दिवसांहून कितीशी वेगळी दिसली असेल?

नंतरच्या दोन वर्षांत दोन कायदे झाले. एकाचा गाजावाजा खूप झाला, दुसऱ्याचा त्या मानाने कमी. 44वी घटनादुरुस्ती: ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण गेले, ‘सशस्त्र उठाव’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. संसदेची मंजुरी महिन्याभरात, दोन तृतीयांश मतांनी, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जगण्याचा हक्क देणारे 21वे कलम कोणत्याही आणीबाणीत गोठवता येणार नाही. आणीबाणीत केंद्र-राज्यांमधली महसुलाची वाटणी फिरवण्याची मुभा देणारे 354वे कलम आधीपासून होते, ते तसेच राहिले. आर्थिक आणीबाणीचे 360वेही राहिले, पण ते आजवर कोणी वापरलेले नाही.

दुसरा कायदा मुंबईत झाला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, विधिमंडळाने एकमताने मंजूर केलेला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल. नाही मिळाले तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. एक रुपया म्हणजे काहीच नाही, हसा हवे तर. पण खर्चाची बाजू वाचा. स्वतंत्र निधी, त्यात व्यवसाय कर आणि इतर ठरावीक करांचा पैसा, आणि तेवढीच भर राज्याने घालायची. विनियोजन कायदा सरकारला सांगतो की याच्या वर खर्च करू नकोस. हा कायदा सांगत होता की मजूर दारात आला तर याच्या खाली येऊ नकोस. अर्थसंकल्पात खर्चाचे छत सगळेच घालतात. इथे विधिमंडळाने पहिल्यांदा जमीन घातली होती.

पुढे कर गोळा होत राहिला आणि कामे आटत गेली, हेही खरे. पण कायदा पुस्तकात राहिला, आणि 2005 मध्ये देशाने तोच नमुना उचलला.

वाटेत 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीला उतरायचा मोह होईल. पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी, मंडप, आणि देशातला पहिला आधार क्रमांक. योजना चालू होती ती सरकारी अधिसूचनेवर. कायदा आला 2016 मध्ये, तोही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला नकाराधिकार नाही. पण ती आणीबाणी नव्हे. पुढे चला.

नोव्हेंबर 2019. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाची ओल आहे, कापूस काळवंडलाय, पपईच्या बागा आडव्या. राज्यात 288 आमदार निवडून आले आहेत आणि एकानेही शपथ घेतलेली नाही. 12 तारखेपासून राष्ट्रपती राजवट. 16 तारखेला राज्यपाल मदत जाहीर करतात: खरीप पिकाला हेक्टरी 8,000 रुपये, बागायती फळपिकांना 18,000, दोन हेक्टरांपर्यंत. शेतकरी पुढारी 25,000 मागत होते. आकडा बरोबर की चूक, हे विचारायला जागा कुठे आहे? सभागृहच नाही. अशा वेळी हाताशी असतो आकस्मिकता निधी, स्थायी मर्यादा 150 कोटी, आणि गरज पडली की वटहुकमाने तात्पुरती वाढवायची. आधी उचल, नंतर मंजुरी. घटनेनेच ठेवलेली सोय आहे, आणि ती असायलाही हवी. ओल्या पथारीवरचा माणूस अधिवेशनाची वाट पाहू शकत नाही.

23 नोव्हेंबरच्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राजवट उठते. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाज नियम 12 वापरून. होय, तोच. 44व्या दुरुस्तीने लेखी निर्णयाची अट घातली ती राष्ट्रीय आणीबाणी लावण्यासाठी. राष्ट्रपती राजवट उठवण्याबद्दल तिने असे काही म्हटले नव्हते. 1978 मध्ये पुढच्या दाराला भलेमोठे कुलूप लागले, आणि त्यानंतर त्या दाराने कोणी आलेच नाही.

याचा खरा अर्थ कळायला 2020 मध्ये जावे लागते. त्या वर्षी कोणत्याही कलमाखाली आणीबाणी जाहीर झाली नाही. 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, या दोघांवर देश बंद झाला. पहिला तर मुंबईच्या प्लेगसाठी गोऱ्या सरकारने केलेला. दोहोंत कुठे लिहिलेले नाही की अमुक दिवसांनी सभागृहाची मंजुरी घ्या, नाहीतर अधिकार संपतील. आपत्ती कायद्यात वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा आहे, बस्स.

या मोकळिकीची चांगली बाजू नंदुरबारनेच देशाला दाखवली, ती आधी पाहून घ्या. सप्टेंबर 2020. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, स्वतः डॉक्टर, शेजारच्या साक्री तालुक्यातले भिल्ल समाजातले. पहिली लाट अजून चालू आहे, आणि इथे हवेतून प्राणवायू काढणारा प्रकल्प बसतो आहे. खर्च प्रत्येकी सुमारे 85 लाख. पैसा जिल्हा नियोजनातून, आपत्ती निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून. आपत्ती कायद्याचे 50वे कलम तातडीच्या खरेदीला निविदेची अट माफ करते. एप्रिल 2021 मध्ये मोठमोठ्या शहरांत नातेवाईक सिलिंडरसाठी धावत होते तेव्हा या जिल्ह्यात असे तीन प्रकल्प चालू होते. प्राणवायू वाया जात नाही ना, हे पाहायला खास परिचारिका नेमल्या होत्या. निविदेची मुदत मोजत बसले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको.

पण तोच अधिकार उलट्या दिशेनेही चालतो. 6 मार्च 2020 ला अजित पवारांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. साथीमुळे 14 मार्चला अधिवेशन गुंडाळले, विनियोजन मंजूर करून. पन्नासेक दिवसांनी, 4 मे रोजी, वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला: विकासाच्या योजनांना यंदा तरतुदीच्या 33 टक्केच निधी, नवी बांधकामे नाहीत, आरोग्यासारखी मोजकी खाती सोडून भरती नाही. नंदुरबारच्या एखाद्या कार्यालयात जाऊन बसा. कारकून निधीवाटपाच्या संगणकी पडद्याकडे बोट दाखवतो. “बीडीएसवर एवढाच आलाय, साहेब. बाकीचं विसरा.” सत्तर टक्क्यांच्या घरात आदिवासी वस्ती असलेला जिल्हा, आश्रमशाळेच्या भिंतीपासून तोरणमाळच्या रस्त्यापर्यंत सगळे याच तरतुदींवर. सभागृहाने मंजूर केलेले दोन तृतीयांश एका जीआरने थांबले, आणि कायदा मोडला असे कोणाला म्हणता येईना. मंजुरी छताची होती. छताखाली किती खर्चायचे, ते सरकार ठरवणार.

अमेरिकेत याच प्रश्नावर 1974 मध्ये कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, दिलेला पैसा अडवून धरला होता, तेव्हा तिने बजावले की आम्ही दिलेला पैसा आम्हाला न विचारता अडवायचा नाही. दोन वर्षांनी आणीबाणीच्या अधिकारांवरही वेगळा कायदा आला. तरी 2019 मध्ये ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामाचे 3.6 अब्ज डॉलर सीमेवरच्या भिंतीकडे वळवलेच. म्हणजे तिथेही कुलपे पुरत नाहीत. पण निदान पैसा अडवणे हाही अधिकाराचा वापर आहे, हे त्यांनी कायद्यात मान्य केले. आपल्याकडे ती चर्चाच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळ भरले ते दोन दिवस, 7 आणि 8. त्यात 29 हजार 84 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या.

आता शेवटचा थांबा, चार महिने मागे. मे 2020, धडगाव तालुक्यातला एक पाडा. गुजरातेत कामाला गेलेली माणसे परतली आहेत, कोणी ट्रकने, कोणी पायी. शेतात अजून काही नाही, गाठीचा पैसा वाटेतच संपला. आणि नेमका याच महिन्यात मुंबईचा 33 टक्क्यांचा कागद फिरतो आहे.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ग्रामरोजगार सेवक बसला आहे. एक म्हातारा विचारतो, “सरकारकडे पैसाच नाही म्हणतात, मग कामं कशी निघतील, भाऊ?”

“हे त्यातलं नाही, बाबा. हे कायद्यातलं आहे.”

तो बरोबर बोलतो आहे. केंद्राने याच महिन्यात मनरेगाला, म्हणजे 2005 च्या त्या रोजगार हमीला, 40,000 कोटी वाढवून दिले, कारण मागणी वाढली की द्यावेच लागतात. महाराष्ट्राची मजुरी यंदा दिवसाला 238 रुपये. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर पहिल्या महिन्याला मजुरीच्या किमान चौथ्या हिश्श्याइतका भत्ता, म्हणजे साडेएकोणसाठ रुपये. मजुरी केंद्राच्या तिजोरीतून जाते, भत्ता मात्र राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा. काम न देणे राज्यालाच महाग पडावे, अशी ही मांडणी, 1979 च्या एका रुपयापासून चालत आलेली. प्रत्यक्षात भत्ता क्वचितच मिळतो, कारण मागणीची तारीख कागदावर येतच नाही. तोंडी मागितले की तोंडी हो म्हणतात, आणि पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत.

म्हातारा अंगठा उठवून निघायला वळतो. त्याचा मुलगा, सुरतेच्या कारखान्यातून आलेला, दोन बुके शिकलेला, ओट्यावरून हलत नाही.

“पोच द्या,” तो म्हणतो. “आजची तारीख टाकून.”